ए मायनर, ई मायनर

“मी बी गिटार वाजवतो” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा माझ्या तोंडात चिवडा होता. दोष चिवड्याचा नाही. पण तोंड रिकामं असतं तर निदान वाक्य स्पष्ट तरी आलं असतं, आणि माझं मलाच ऐकू येऊन मी थांबलो असतो.

आमच्या शुभांगीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं आणि ती हैदराबादला नोकरीवर असल्यानं आम्ही दोघंच नवरा-बायको इंद्रवेल्लीला मुलाच्या घरी बसलो होतो. मुलगा हर्षदीप, इंजिनियर, शांत. त्याचे वडील दादाजी निवृत्त पोस्टमास्तर. हा माणूस बोलण्याआधी चष्मा काढतो, पुसतो, डोळ्यांवर चढवतो आणि मगच बोलतो. त्यामुळे त्यांचं साधं वाक्यही निकालासारखं वाटतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आमचा हर्षदीप गिटार वाजवते.”

आता अशा बैठकीत मुलीच्या बापानं ‘वा’ म्हणून मान हलवायची असते. सव्वीस वर्षं नार्नूरच्या मराठी शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला एवढं कळायला हवं. पण मुलाची नोकरी, मुलाचं घर, मुलाचा स्वभाव अशा सगळ्या गोष्टींना मान हलवून माझी मान दुखायला लागली होती. वाटलं, आपल्याकडेही काहीतरी असावं.

“मी बी गिटार वाजवतो,” मी म्हणालो.

“असं? किती साल झाले?”

“झाले असतीन वीसेक साल.”

चष्मा पुन्हा उतरला, पुन्हा पुसला गेला. “वीस साल एकाच वाद्यासंगं राहनारा मानूस पक्का असते,” दादाजी म्हणाले. “मले असेच इवाई पायजे होते. साक्षगंधाले आयकवा जी आमाले.”

मला त्यांनी इवाई, म्हणजे व्याही, म्हणूनही टाकलं होतं, आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तिथंच ठरली. तीन महिन्यांनी, पंधरा तारखेला, आमच्या अंगणात. म्हणजे आता शुभांगीचं सासर माझ्या गिटारवर उभं होतं, आणि गिटार मी त्या दिवसापर्यंत फक्त टीव्हीवर पाहिली होती.

परतीच्या बसमध्ये माझी बायको दीपमाला इंद्रवेल्लीपासून उटनूरपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती. उटनूर आल्यावर म्हणाली, “वीस साल?”

“तोंडातून निघून गेलं वं.”

“माह्या घरात वीस साल गिटार वाजून राह्यली, न् मले काऊन नाही आयकू आली?”

मी खिडकीबाहेर कापूस पाहत बसलो.

पुढच्या रविवारी मी आदिलाबादला जाऊन गिटार आणली. येताना बस इंद्रवेल्लीवरूनच येते. वीस वर्षांचा वादक कोरी गिटार घेऊन चाललेला कुणी पाहिला असता तर दुपारपर्यंत दादाजींना कळलं असतं. म्हणून मी ती घरून नेलेल्या चादरीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. ती गिटार दिसू नये एवढाच माझा विचार होता. मग ती काय दिसेल, हा विचार करायचा राहून गेला.

वाटेत जंगलखात्याचा नाका लागतो. इथून सागवान चोरून जातं, त्यामुळे लांबट आणि झाकलेली कुठलीही वस्तू तिथं सहज सुटत नाही. गार्ड बसमध्ये चढला, सगळ्या पिशव्या सोडून थेट माझ्यापाशी आला आणि चादरीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

“लकडी है,” तो म्हणाला.

“बाजा है,” मी म्हणालो.

“कौनसी लकडी का?”

हा प्रश्न दुकानात मी विचारला नव्हता. सुतळी सोडली, चादर उघडली. बसमधले पन्नास लोक उभे राहून बघायला लागले. गार्डनं गिटारच्या भोकातून आत डोकावून पाहिलं. आत सागवान नव्हतं, याचं त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. “बजाओ,” तो म्हणाला.

“अभी बजाने नहीं आता.”

“बजाने नहीं आता तो खरीदा काय को?”

मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, “खरंच, काऊन घेतली जी?” मग पुढचा म्हणाला, कंडक्टर म्हणाला, ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. शेवटी गार्डनं रजिस्टर मागवलं आणि त्यात नोंद केली: लकडी का डब्बा, तार के साथ, एक नग. खाली माझी सही घेतली. माझ्या संगीतसाधनेची सुरुवात ही अशी.

घरी आल्यावर मोबाईलवर एक शिकवणारा शोधला. हसतमुख पोरगा होता. तो म्हणायचा, चार कॉर्ड शिका, हजार गाणी वाजवा. कॉर्ड म्हणजे दोन-तीन बोटांनी ठरावीक तारा दाबायच्या, उरलेल्या मोकळ्या सोडायच्या आणि सगळ्यांवरून एकदम हात फिरवायचा. मोकळ्या तारा असतात म्हणून हे ओपन कॉर्ड, सगळ्यात सोपे. त्यातही ‘ई मायनर’ला दोन बोटं लागतात आणि ‘ए मायनर’ला तीन, म्हणून मी माझं सगळं भवितव्य त्या दोघांवर सोपवलं. ‘जी’ आणि ‘डी’ शेवटच्या ओळीपुरते.

गाणं मी स्वतःच लिहिलं. पंधरा ऑगस्टला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी सव्वीस स्वागतगीतं लिहिली आहेत, त्यामुळे हात तयार होता:

या या इवाई, मांडवात या,
पोरगी आमची सुखात न्या…

चाल साधी. पहिल्या ओळीला ए मायनर, दुसरीला ई मायनर, पुन्हा ए मायनर, पुन्हा ई मायनर. कागदावर फारच सोपं दिसत होतं. अडचण एवढीच की एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना माझी बोटं वाट चुकायची. एक बोट पोचायचं, दुसरं रस्त्यात अडकायचं, आणि करंगळीचं काहीच काम नसताना तीच सगळ्यांत आधी हजर व्हायची. आठवडाभरात बोटांची टोकं सुजली. शेजारच्या सोनाबाई कुंपणावरून माझी बोटं पाहून म्हणाल्या, “मास्तर, कापूस येचाले जात होते काय?” आणि त्यावर हळद-चुना लावून गेल्या. त्याचे लाल डाग मी शाळेत रंगीत खडूचे म्हणून खपवले.

मार्ग काढला तो माझे सहकारी चंपतराव यांनी. गिटारचं गुपित त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं. ते गणित शिकवतात, आणि जगातली प्रत्येक अडचण त्यांना पाढ्यासारखी दिसते. म्हणाले, “आपन पाढे कसे शिकलो? मोठ्यानं म्हनूनच ना! तुमी बोट हालवाच्या आंधी नाव पुकारा. जीभ पुढं, बोट मांगं.”

पटलं. आम्ही मास्तर लोक मोठ्यानं म्हटल्याशिवाय काही शिकलोही नाही आणि शिकवलंही नाही. त्या संध्याकाळपासून मी अंगणाकडच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो आणि वर्गात म्हणतो तशा आवाजात पुकारायचो, “ए मायनर!” मग बोटं जायची. “ई मायनर!” मग परत यायची. आणि खरंच, जमायला लागलं! ‘जी’ पुकारलं की स्वयंपाकघरातून दीपमाला “काय जी?” म्हणून ओ द्यायची, आणि दोन वेळा ती हात पुसत बाहेर आली आणि चिडून परत गेली, एवढी एक गैरसोय सोडली तर पद्धत निर्दोष होती. तोटा एकच. नाव पुकारल्याशिवाय आता बोटं हलेनात. पण त्याचं नंतर बघू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच गिटार कपाटावरून पडली आणि तार पिळायची एक खुंटी तुटली. मी ती निर्मलला नेली. लाकडी खेळणी करणारा एक म्हातारा कारागीर तिथं आहे, फार गुणी हात. त्यानं खुंटी बसवली, अगदी पक्की बसवली. पण वस्तू कोरी परत देणं त्याच्या जिवाला लागलं असावं. मी न्यायला गेलो तेव्हा गिटारवर सोनेरी वेल चढली होती, वेलीवर दोन हिरवे पोपट बसले होते, आणि वरून जाड चकचकीत वार्निश होतं. ते इतक्या प्रेमानं दाखवलं की मला नमस्कार करावा लागला. दीपमालाला पोपट फार आवडले. “आता हे वाजवाची वस्तू नाही, शोकेसमधी ठेवाची हाये,” ती म्हणाली. आवाज थोडा बसला होता खरा. पण बसलेल्या आवाजात माझ्या चुका कमी ऐकू येत, म्हणून मी तक्रार केली नाही.

याच सुमारास आमच्या भिंतीला लागून असलेल्या घरात सुगुणा मॅडम राहायला आल्या. अंगणवाड्यांच्या सुपरवायझर, करीमनगरकडच्या, मराठी अजिबात येत नाही. स्वभावानं चांगल्या. कामात अतिशय कडक, आणि मंडळात, म्हणजे आमच्या तालुक्यात, कुठं कमी वयाच्या मुलीचं लग्न होत असेल तर ते थांबवणं हे त्यांच्याच कामात येतं. मला हे माहीत होतं. या माहितीचा माझ्या गिटारशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात येईल?

साक्षगंधाच्या चार दिवस आधी दीपमाला त्यांना बोलवायला गेली. आमच्या घरात तेलुगू मला येतं, तिला बाजारापुरतं. मॅडमनी विचारलं, “अम्मायिकि एन्नेळ्लु?” म्हणजे मुलीचं वय किती. दीपमालाला त्यातलं ‘किती’ एवढंच कळलं. तिला वाटलं, कितवी तारीख. तिनं मोठ्या अभिमानानं तेलुगूत उत्तर दिलं, “पदिहेनु!” म्हणजे पंधरा. घरी येऊन मला म्हणाली, “मॅडमसंगं तेलगूत बोलली म्या. आयकून गपच झाल्या.”

पंधरा तारीख उजाडली. अंगणात मांडव होता, चाळीस माणसं होती. पहिल्या रांगेत दादाजी, त्यांच्या शेजारी मुलाचे मामा भिवाजी. भिवाजीमामा म्हणजे कुठल्याही कार्यात काय कमी आहे हे सर्वांत आधी दिसणारा माणूस. पाणी उशिरा आलं हे त्यांनी दोनदा सांगून झालं होतं. बुद्धवंदना झाली, हार झाले, कुंकवाच्या जागी फुलं आणि अंगठ्या अशी सगळी व्यवस्था चोख. दादाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, “मंग, इवाई? होऊ द्या आता.” मी पोपटांवरची चादर काढली. मांडवात ‘अरे वा’ असा आवाज उठला, आणि त्याच क्षणी फाटकाशी पोलिसांची जीप थांबली.

जीपमधून एक साहेब उतरले, दोन शिपाई उतरले, आणि सगळ्यांच्या मागून, माझ्याकडे न पाहता, सुगुणा मॅडम उतरल्या.

“यहां मायनर का रिश्ता हो रहा है, कंप्लेंट है,” साहेब म्हणाले. “लडकी को बुलाओ.”

शुभांगी पुढं आली. हैदराबादला चार वर्षं नोकरी करणारी मुलगी ती, तिनं साहेबांना बसायला खुर्ची दिली आणि आत जाऊन दहावीचा मेमो आणून समोर धरला. आमच्याकडे गुणपत्रिकेला मेमो म्हणतात आणि जन्मतारखेच्या बाबतीत त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. साहेबांनी बोटांवर हिशेब केला. सत्तावीस. पुन्हा केला. पुन्हा सत्तावीस.

“ये नहीं,” साहेब म्हणाले. “वो दुसरी, पंद्रह साल की. उसको कहां छुपाया?”

मांडवात कुजबुज सुरू झाली. भिवाजीमामा उभे राहिले. “दुसरी पोरगी हाये? आमाले तं एकच सांगतली व्हती!”

“नाही जी, एकच हाये!” मी म्हणालो.

“मॅडमने खुद सुना है,” साहेब म्हणाले. “दो महिने से, रोज.”

मग सुगुणा मॅडम पुढं आल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. त्या तेलुगूत म्हणाल्या, “रोजु सायंत्रम सार अरुस्तारु, ‘ए मायनर?’ मळ्ळी सारे चेप्तारु, ‘ई मायनर!’”

मी खुर्चीत बसलो. तेलुगूत ‘ए’ म्हणजे कोणता आणि ‘ई’ म्हणजे हा. दोन महिने रोज संध्याकाळी ही बाई भिंतीपलीकडे बसून ऐकत होती, की मास्तर ओरडून विचारतात, “कोण मायनर?” आणि स्वतःच ओरडून सांगतात, “ही मायनर!” आणि त्यानंतर तारा ओढल्याचा आवाज येतो. मला बाईंचा राग येईना. मी त्यांच्या जागी असतो तर जीप पहिल्याच आठवड्यात आणली असती.

“साहेब, ते गिटारचे कॉर्ड आहेत,” मी हिंदीत, मग तेलुगूत, मग घाबरून मराठीत सांगितलं.

“बजाके दिखाओ.”

आता इलाज नव्हता. मी गिटार मांडीवर घेतली. नाव न पुकारता बोटं हलवायचा मी मनापासून प्रयत्न केला. ती जागची हलेनात. चाळीस माणसं, एक साहेब, दोन शिपाई बघत होते. शेवटी मी डोळे मिटले आणि पुकारलं, “ए मायनर! या या इवाई, मांडवात या… ई मायनर! पोरगी आमची सुखात न्या…”

“अदे! अदे!” सुगुणा मॅडम ओरडल्या. हेच, हेच ते! साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. शिपायांनी माना खाली घातल्या. शुभांगीवरचं बालंट गेलं, हे मला कळलं, आणि तेवढ्यात भिवाजीमामांना दिसायचं ते दिसलं.

“काहो,” ते म्हणाले, “वीस साल वाजवून बी नाव घ्या लागते काय? न् हे दोन महिने रोज काय एकच गानं घोकून राह्यले होते?”

दादाजींनी चष्मा काढला. मी शुभांगीकडे पाहिलं. ती हर्षदीपच्या शेजारी उभी होती, अंगठी बोटात फिरवत. अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. जुनी गिटार हरवली, बोटाला लागलं होतं, सराव सुटला होता, असं बरंच काही जिभेवर आलं. पण माझ्यामुळं पोरीच्या मांडवात जीप आली होती. मला माझीच फार लाज वाटली.

“वीस साल नाही जी, इवाई,” मी म्हणालो. “तीनच महिने झाले. त्या दिवशी तुमच्या घरी खोटं बोललो मी. तुमी सगळं चांगलं चांगलं सांगून राह्यले होते, मले वाटलं आपल्यापाशी बी कायतरी असावं. पोरीले हे माहीत नाही. तिचा काई दोष नाही.”

दादाजी चष्मा पुसत राहिले. एवढा वेळ त्यांनी तो आधी कधी पुसला नव्हता.

“मंग तीन महिने शिकले काऊन? साक्षगंधाच्या दिवशी बोट दुखते म्हनून सांगतलं असतं, तं चाललं असतं.”

“तुमच्यासमोर खोटा पडू नये म्हनून.”

“पोस्टात पस्तीस साल काढले म्या,” दादाजी म्हणाले. “एक खोटं झाकाले दुसरं खोटं बोलनारे रोज पाह्यले. पन खोटं बोलून मंग ते खरं करासाठी बोटं सुजवून घेनारा मानूस पयल्यांदा पाह्यला.” त्यांनी चष्मा चढवला. “बसा, मामा. पोरगी चांगल्या घरची हाये.”

भिवाजीमामा बसले. हर्षदीप माझ्याजवळ आला, खाली बसला, आणि पोपटाच्या शेपटीजवळची खुंटी हळूच पिळली. “सहावी तार ढिली होती, बाबा,” तो म्हणाला. आतापर्यंत तो मला ‘सर’ म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

साहेब मात्र अडचणीत होते. कंप्लेंट लिहिली गेली होती, ती आता बंद करायला पंचनामा हवा होता. पाहुण्यांच्या बुंदीच्या ताटाशेजारी कागद पसरून ते लिहायला लागले: घरात कोणीही मायनर आढळला नाही, आढळली ती गिटार, आणि सदर मास्तर ती अजून शिकत आहेत. खाली पंच म्हणून दोन सह्या हव्या होत्या. सुगुणा मॅडमना दीपमालानं ताट वाढलं होतं, आणि त्या लाजून दुसऱ्यांदा बुंदी घेत होत्या.

दादाजींनी पंचनामा सावकाश वाचला. “साहेब, एक लाइन और लिखो,” ते म्हणाले. “लग्न में ये गिटार नहीं बजाएंगे.”

मांडवात हशा पिकला. मी निषेध नोंदवायला तोंड उघडलं, पण साहेबांनी तोवर ओळ लिहून टाकली होती. “सही करनेवाला अठारह के ऊपर का चाहिए,” पेन पुढं करत ते म्हणाले. “पहले कौन करेगा?”

“मी,” शुभांगी म्हणाली, आणि पुढं येऊन सही केली.